वीस इंच

तर झालं असं, की आमच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या वडिलांचा जुना ट्रॅक्टर खोलायला काढला आणि मी मदतीला गेलो. मदत म्हणजे काय, तर टॉर्च धरायचा, पाने शोधून द्यायचे, कॉफी आणायची. चाळीस वर्षांपूर्वी अण्णांच्या ट्रॅक्टरशेजारी उभं राहून मी हेच करायचो. फक्त तेव्हा कॉफीऐवजी चहा असायचा आणि शिव्या मराठीत असायच्या.

आम्ही राहतो ओहायोच्या वायव्य कोपऱ्यात, टोलेडोच्या खाली. इथे एकोणिसाव्या शतकापर्यंत मैलोन् मैल दलदल होती. नावच 'ग्रेट ब्लॅक स्वॉम्प'. लोकांनी चर खणून, जमिनीखाली मातीच्या नळ्या पुरून पाणी काढून दिलं आणि खालून निघाली काळीभोर जमीन. आमच्या कृष्णाकाठच्या रानासारखी. इथे मका आणि सोयाबीन, तिकडे ऊस, एवढाच काय तो फरक. पहिल्या पावसात वास सुद्धा तोच येतो. (बायको म्हणते तुला काहीही वास येतो. असो.)

आमच्या घरापासून अर्ध्या तासावर बोलिंग ग्रीन नावाचं गाव आहे. १९६७ सालापासून तिथल्या जत्रेच्या मैदानावर ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर ओढण्याच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात. ट्रॅक्टर ओढण्याच्या म्हणजे ट्रॅक्टरने ओढण्याच्या. मला पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा मी समजलो की दोन्हीकडून माणसं दोरखंड लावून ट्रॅक्टर ओढतात! तसं नाही. ट्रॅक्टरच्या मागे एक अवजड घसरगाडी जोडतात. तिला हे लोक स्लेड म्हणतात. ती ओढत तीनशे फूट जायचं. कुणीच शेवटपर्यंत पोचला नाही, तर जो जास्तीत जास्त पुढे गेला तो जिंकला. आणि एकाहून जास्त जण पोचले, तर त्यांचं परत एकदा.

यातली खरी गंमत त्या स्लेडमध्ये आहे. तिला मागच्या बाजूला चाकं असतात आणि पुढे नुसता एक मोठा लोखंडी तवा, जमिनीवर घासत जाणारा. वजनाची पेटी सुरुवातीला मागे, चाकांवर असते. त्यामुळे निघताना गाडी हलकी लागते. पण चाकं फिरायला लागली की त्यांच्याच जोरावर साखळीने ती पेटी पुढे पुढे सरकते आणि सगळा भार तव्यावर येत जातो. तवा मातीत दाबला जातो. म्हणजे तुम्ही जितके पुढे जाल तितकं ओझं वाढत जाणार. पूर्वी ही यंत्रं नव्हती तेव्हा धावपट्टीच्या कडेला माणसं उभी असायची आणि गाडी जवळून गेली की एकेक जण तिच्यावर चढायचा. त्याच्याही आधी घोड्यांच्या अशाच शर्यती होत. ट्रॅक्टरच्या पहिल्या स्पर्धा १९२९ सालच्या सांगतात, एक ओहायोत व्हॉन्सव्हिलला आणि एक मिसुरीतल्या बोलिंग ग्रीनला. हे बोलिंग ग्रीन वेगळं, आमचं नव्हे. या देशात गावांची नावं कमी पडली असावीत.

पुढे १९६९ मध्ये राष्ट्रीय संघटना झाली, नियम सगळीकडे सारखे झाले आणि मग लोकांच्या अंगात आलं. ओहायोतल्याच बॉसी नावाच्या दोन भावांनी सत्तरच्या दशकात अनेक इंजिनं एकाच दांड्याला जोडायची पेटी काढली. तेव्हापासून वरच्या वर्गातली यंत्रं ट्रॅक्टर राहिलीच नाहीत. चार-चार इंजिनं एकापुढे एक. कुणी तर दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची इंजिनं बसवतो. त्यांचा आवाज कानात नाही, छातीत ऐकू येतो.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला राग आला होता. आमच्याकडे ट्रॅक्टर म्हणजे कर्ज होतं. डिझेल संपलं की कॅन घेऊन सायकलवर पाच किलोमीटर जायचं होतं. आणि इथे ही माणसं वर्षभर घाम गाळून जे यंत्र बांधतात ते दहा-बारा सेकंद चालवतात, काळा धूर आभाळात सोडतात, कधी कधी फोडूनही टाकतात. कशासाठी? तर तीनशे फूट लांब एक लोखंडी पेटी ओढायला, जी नंतर दुसरा ट्रॅक्टर परत मागे आणून ठेवतो. नांगरट नाही, पेरणी नाही, काही नाही.

शेजारीबुवांना (मी त्यांना इथे असंच म्हणणार आहे, त्यांना आवडलं असतं) मी हे एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुमच्याकडे बैल पळवतात ना? ते काय पळत पळत पेरणी करतात?" मी गप्प बसलो.

तर त्यांचा ट्रॅक्टर. इंटरनॅशनल १०६६. हे मॉडेल १९७१ ते ७६ या काळात निघत होतं, टर्बो लावलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, मागच्या शाफ्टवर १०५ घोडे. त्यांच्या वडिलांनी १९७४ साली नवा घेतला होता. लाल रंग, आणि पुढे कंपनीची खूण, काळ्या एचच्या मध्ये लाल आय. ती कंपनी आता नाही. ऐंशीच्या दशकात शेतीचे भाव पडले, हजारो शेतकरी कर्जात बुडाले, त्यात कंपनीही बुडाली. १९८५ मध्ये तिचा ट्रॅक्टरचा धंदा दुसऱ्यांकडे गेला आणि रॉक आयलंडचा कारखाना बंद पडला. पण इकडच्या शेतकऱ्यांना अजून विचारून बघा. लाल घराणं आणि हिरवं घराणं (म्हणजे जॉन डिअर) असं चालतं, आणि सोयरीक करताना सुद्धा लोक बघतात असं म्हणतात.

आमचाही ट्रॅक्टर इंटरनॅशनलच होता! बी-२७५, पस्तीस घोड्यांचा. १९६३ साली महिंद्रांनी याच अमेरिकन कंपनीबरोबर भागीदारी केली आणि मग हे ट्रॅक्टर कांदिवलीत बनू लागले. अण्णांनी बँकेचं कर्ज काढून घेतला तेव्हा पेढे वाटले होते आणि बेंदराला बैलांच्या आधी त्याला ओवाळलं होतं. मी हे सांगितलं तेव्हा शेजारीबुवा उठून आत गेले आणि एक जुनं कॅटलॉग घेऊन आले. जणू काही आमचं गोत्र जुळलं होतं. त्या दिवसापासून मला शेडमध्ये प्रवेश मिळाला.

त्यांनी जमीन दुसऱ्याला कसायला दिली होती. गुडघे गेले होते. १०६६ आठ वर्षं नुसता उभा होता. मुलाला शेतीत रस नाही, तो शिकागोत. मुलगी गावातल्या शाळेत शिकवते, आणि तिलाच हे वेड. २०२२ च्या हिवाळ्यात तिने विषय काढला, की आपण हा ओढायला बांधू. म्हातारी नाही म्हणाली. तिचं म्हणणं, एकदा याला कापलंत की हा परत शेतात जाणार नाही. शेजारीबुवा म्हणाले, "तो आत्ता तरी कुठे जातोय?"

त्या हिवाळ्यातले शनिवार मी कधी विसरणार नाही. बाहेर उणे पंधरा, आत डिझेलचा हीटर आणि रेडिओ. मूळचं इंजिन काढून त्याच घराण्यातलं मोठं, डीटी-४६६ बसवायचं ठरलं. हे इंजिन इथल्या स्कूलबसमध्ये वर्षानुवर्षं वापरलं गेलंय, त्यामुळे भंगारात मिळतं. आम्ही एका मोडीत काढलेल्या पिवळ्या बसमधूनच आणलं. बाहेरून दोन्ही इंजिनं जवळजवळ जुळी, म्हणून तेलाचा पॅन, फ्लायव्हीलचं घर वगैरे ट्रॅक्टरचंच ठेवता आलं. नवे लायनर, नवे पिस्टन. हेडला बारीक खाच पाडून तारेची कडी बसवली, कारण टर्बोचा दाब वाढवला की पहिल्यांदा जातं ते हेड गॅस्केट. डिझेलचा पंप मोठा, गव्हर्नरची स्प्रिंग कडक, म्हणजे जे इंजिन शेतात चोवीसशे फेऱ्यांवर थांबायचं ते तीन हजारांच्या वर जाईल.

माझी समजूत होती की सगळा खेळ इंजिनाचा. पण इंजिन झालं फेब्रुवारीत, आणि नंतरचे तीन महिने गेले टायर, वजनं आणि मागच्या हुकात. टायरवरच्या जाड रबरी पट्ट्यांना ग्राइंडरने धार काढतात, हे मला माहीत नव्हतं. अक्षरशः विळ्याला काढावी तशी, प्रत्येक पट्टीला, एका ठराविक कोनात. मुलगी चार रात्री तेच करत होती, नाकातोंडात काळं रबर. नंतर पुढे टांगायची लोखंडी वजनं. एकेक शंभर पौंडांचं. वर्गाची मर्यादा साडेनऊ हजार पौंड. तेवढ्यात वजन कुठे ठेवायचं, किती पुढे, किती मागे, यावर बापलेकीची भांडणं.

आणि एका शनिवारी शेजारीबुवांनी हुकाचा विषय काढला.

जिथे स्लेडची साखळी अडकते तो हूक जमिनीपासून जास्तीत जास्त वीस इंच उंच. नियमच आहे तसा. मी विचारलं, वीसच का? त्यांनी खडू घेतला आणि शेडच्या फरशीवर ट्रॅक्टरचं चित्र काढलं. मागचं मोठं चाक, त्याचा आस, पुढचं लहान चाक. म्हणाले, साखळी ओढते तेव्हा ती ट्रॅक्टरचं वजन मागच्या चाकांवर आणते. हूक जितका वर, तितकं जास्त वजन मागे येतं, तितकी पकड चांगली. म्हणून प्रत्येकाला हूक वर हवा असतो. सगळ्यात उत्तम ओढ ती, ज्यात पुढची चाकं जमिनीला लागतात न लागतात अशी तरंगत जातात. पण हूक वर नेता नेता चाकाच्या आसाच्या वर गेला, आणि मागचं ओझं हललंच नाही, तर मग? त्यांनी खडूने एक गोल बाण काढला. पुढून वर, वरून मागे.

"चाक फिरत नाही म्हणून ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो. सेकंदभरात. क्लचवर पाय जायला वेळ मिळत नाही."

मी त्या बाणाकडे बघत राहिलो.

१९८४ च्या जानेवारीत, मी दहा वर्षांचा असताना, माझे धाकटे काका गेले. उसाची ट्रॉली फडाच्या तोंडाशी चिखलात रुतली होती. आमच्याकडे डबल ट्रॉली कारखान्याला जाताना चढावर ट्रॅक्टरचं नाक उचललं जायचं, म्हणून पुढे पोरांना बसवायची पद्धत होती. मी त्यातला कायमचा गिऱ्हाईक. बंपरवर बसायचं, दिव्याला धरायचं, मजा वाटायची. त्या दिवशीही बसलो होतो. अण्णा म्हणाले, उतर खाली, लांब जाऊन उभा राहा. मी उतरलो. काका ट्रॅक्टरवर, अण्णा मागे साखळी लावत होते. टोचन करून ट्रॉली काढायची होती. पुढचं मी लिहीत नाही.

ट्रॅक्टर पुढच्याच वर्षी विकला. घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोललं नाही. आणि मी एकोणचाळीस वर्षं मनात धरून बसलो होतो की मी उतरलो म्हणून पुढचं वजन कमी झालं. बायकोला सुद्धा सांगितलं नव्हतं. मोठं झाल्यावर, इंजिनिअर झाल्यावर गणित मांडून बघता आलं असतं. नाही मांडलं. काही गणितं माणूस मुद्दाम शिल्लक ठेवतो.

मी शेजारीबुवांना विचारलं, समजा पुढे एक दहा वर्षांचं पोर बसलेलं असेल, पंचवीस किलोचं, तर काही फरक पडेल का? त्यांना वाटलं मी गंमत करतोय. "एक वजनसुद्धा नाही झालं," म्हणाले आणि टांगलेल्या शंभर पौंडांच्या लोखंडाकडे बोट दाखवलं. "साखळी कुठे लावलीय ते सांग. बाकीचं सोड."

साखळी कुठे लावली होती ते मला आठवत होतं. ड्रॉबारला नाही. वर, जिथे नांगराचा वरचा दांडा येतो तिथे. आणि लावणारे हात कुणाचे होते, तेही.

घरी येऊन मी खूप वेळ गाडीतच बसून होतो. माझं ओझं उतरलं होतं, पण ते खाली कुठे पडलं नव्हतं. ते सरळ अण्णांच्या अंगावर गेलं होतं. अण्णा ऐंशीचे. त्यांना हे कळलं असेल का? नसेल, तर मी कशाला कळू द्यायचं?

पुढचे काही शनिवार मी शेडमध्ये गेलोच नाही. सर्दी झाली म्हणून सांगितलं. हा खेळ मला नकोसा वाटायला लागला होता. ज्या गोष्टीनं माणूस मरतो तिच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं आणि वर लोकांनी टाळ्या वाजवायच्या! पण मे महिन्यात मुलगीच दारात आली. मागचा आधार वेल्ड करायचा आहे, धरायला माणूस पाहिजे. ट्रॅक्टर उलटू नये म्हणून मागे दोन भक्कम लोखंडी दांडे बसवतात, नाक फार वर गेलं की ते जमिनीवर टेकतात आणि सगळं वजन पेलतात. मी गेलो. ते दांडे मीच धरले. चारदा मोजले. दुसरी एक व्यवस्था असते ती अशी, की इंजिन बंद करणारी एक बारीक दोरी मागे स्लेडला बांधलेली असते. साखळी तुटली, ट्रॅक्टर सुटला, की दोरी ओढली जाते आणि इंजिनाची हवाच बंद होते. डिझेल इंजिनाचा श्वास कोंडला की ते थांबतंच. स्लेडवरच्या माणसाकडेही तसंच एक बटण असतं. इतकी सगळी काळजी, तीनशे फुटांसाठी. आमच्याकडे फडात यातलं एकही नव्हतं आणि तिथे तर खरं काम चाललं होतं.

२०२३ च्या जुलैमध्ये शेजारच्या काउंटीच्या जत्रेत आमची ओढ होती. 'आमची' म्हणतोय, बघा. तळलेल्या पिठाचा आणि डुकरांच्या गोठ्याचा वास, लाकडी पायऱ्यांवर टोप्या घातलेली म्हातारी माणसं. आधी काट्यावर वजन. मग एक जाड भिंगांचा चष्मेवाला गृहस्थ हातात मापाची पट्टी घेऊन आला, गुडघ्यावर बसला आणि हुकाखाली पट्टी लावली. बराच वेळ बघितलं. मी श्वास धरून. "वीस," तो म्हणाला आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे गेला. रांगेतले सगळेच वीस. कुणी साडेएकोणीस सुद्धा ठेवलेला नव्हता.

मुलगी हेल्मेट घालून चढली. साखळी ताणली गेली. हिरवा झेंडा. तिने हळूहळू सोडला, आणि साधारण शंभर फुटांवर जेव्हा पेटी पुढे सरकायला लागली तेव्हा ट्रॅक्टरचं नाक वर आलं. एक वीत. दोन वीत. आजूबाजूची माणसं ओरडत होती. मी शेजारीबुवांचा दंड धरला होता आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. पुढची चाकं तशीच हवेत, मागची माती फेकत. मग धूर दाट झाला, आवाज जड झाला, नाक हळूच खाली आलं, आणि ट्रॅक्टर थांबला. दोनशे एक्क्याण्णव फूट. चौथा नंबर. पहिला हिरवा आला. शेजारीबुवा घरी जाईपर्यंत त्याबद्दल बोलत होते.

त्या रात्री सांगलीला सकाळ झाली तेव्हा मी अण्णांना फोन लावला. फक्त जत्रेचं सांगायचं, एवढंच ठरवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टायरला धार काढतात याचं त्यांना फार नवल वाटलं. मग म्हणाले, "आन् म्होरनं उचलत न्हाई व्हय?"

मी म्हणालो, उचलतो. मागे दांडे असतात. दोरी असते. आणि साखळी वीस इंचाच्या वर लावू देत नाहीत.

"वीस इंच म्हंजी केवढं रं?"

"गुडघ्याएवढं."

फोन कट झाला की काय असं वाटलं, इतका वेळ गेला.

"आपली कमरंएवढी हुती," अण्णा म्हणाले. "खालचं चिखलात गाडलं हुतं, हात पोचंना. त्यो म्हनत हुता, दादा थांब, जरा उकरून खालीच लावू. मला घाई. कारखान्याची पाळी चुकंल म्हून."

मग म्हणाले, "तुला उतरवलं ते तेवढं एक बरं केलं."

मी त्यांना सांगितलं, की इतकी वर्षं मला काय वाटत होतं ते. मी उतरलो म्हणून पुढचं हलकं झालं, वगैरे. सांगताना आवाज दहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता.

"आरं खुळ्या," अण्णा म्हणाले. आणि थोड्या वेळाने परत, "आरं खुळ्या."

आतून आईने विचारलं कोणाचा फोन, तर त्यांनी माझं नाव सांगितलं. पाऊस अजून नाही म्हणाले. आडसाली लागण थांबलीय. मग ठेवता ठेवता विचारलं, "पोरगी किती गेली म्हनलास?"

"दोनशे एक्क्याण्णव."

"म्हंजी नऊच राह्यले की," ते म्हणाले. "त्येंना म्हनावं, म्होरलं वजन जरा मागं घ्या."